ब्रेक दसऱ्यानंतर

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. गळ्याची शपथ. आता गळा कोणाचा, ते विचारू नये. ज्याने ही गोष्ट डोळ्यांनी पाहिली तो माणूस त्या वेळी म्हशीवर बसून डुलक्या घेत होता, त्यामुळे एखादी फेरी इकडेतिकडे होऊ शकते. आणि मोटारी दुरुस्त करणाऱ्या लोकांनी तर ही गोष्ट ऐकूच नये. ते मध्येच म्हणतात, "असं होत नसतं."

एका गावात एक गुळाचे व्यापारी होते. त्रिंबकशेठ त्यांचं नाव. गावाच्या मधोमध तळं होतं, तळ्याच्या मधोमध पाणजाईचं देऊळ, आणि तळ्याला वेढा घालून गोल रस्ता. गावाबाहेर जाणारी वाट एकच. ती या गोल रस्त्याला फुटायची आणि थेट घाटात उतरायची. सात वळणं, मग कोकण, मग समुद्र.

शेठकडे एक गाडी होती. दोन सीट, वर छप्पर नाही, रंग लाल, नाक लांब. कोण्या संस्थानिकांनी ती साठ वर्षांपूर्वी शर्यतीसाठी आणलेली. गाडी देखणी होती, फक्त चालत नव्हती. तिच्या इंजिनात चिमण्यांची तिसरी पिढी नांदत होती.

लग्न झालं त्याच आठवड्यात शेठ बायकोला म्हणाले होते, "वत्सला, या गाडीतून तुला समुद्र दाखवीन." वत्सलाबाईंनी त्याच दिवशी पिशवी भरली. त्याला सव्वीस वर्षं झाली. दर दिवाळीला त्या पिशवीतले कपडे उन्हात टाकायच्या, घडी करायच्या आणि परत भरायच्या. काही बोलायच्या नाहीत. शेठना ते न बोलणं फार ऐकू यायचं.

मग एका पावसाळ्यात शेजारच्या तालुक्यात एका नव्याकोऱ्या गाडीवर झाड पडलं. गाडीची पोळी झाली. इंजिनाला मात्र ओरखडा नाही. गावातले इलाही मिस्त्री जाऊन ते इंजिन घेऊन आले, आणि त्याच्याबरोबर त्याचा गिअरबॉक्सही आणला. हा गिअरबॉक्स शहाणा होता. कुठला गिअर टाकायचा ते त्याचं तो ठरवायचा, माणसाला विचारायचा नाही.

दीड महिना काम चाललं. जुनं इंजिन चेन कप्पीने उचलून बाहेर काढलं. चिमण्यांना शेजारच्या बंद स्कूटरमध्ये जागा दिली. नवं इंजिन जुन्या जागेत बसेना, म्हणून त्याला नवे पाय केले. गिअरबॉक्स रुंद निघाला, म्हणून दोन सीटांमधला पत्रा ठोकून फुगवला. मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा लेथवर नेऊन चार बोटं कापला. शेवटी इंजिन सुरू केलं, तेव्हा त्याने असा काही हुंकार दिला की गॅरेजमागचं चिंचेचं झाड दोन पावलं मागे सरकलं. ते अजून तिथंच आहे. जाऊन बघा.

खंडेनवमीची सकाळ उजाडली. तळ्यावर धुकं होतं. इलाही मिस्त्रींनी पाने, पकडी, हातोडे धुऊन फळीवर ओळीने मांडले होते. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर झेंडूचं एकेक फूल. त्या दिवशी हत्यारांना सुट्टी असते. ती झोपलेली असतात.

शेठ आले. नवा सदरा, डोळ्यांवर काळा चष्मा.

"इलाही, गाडी दे."

"शेठ, तीन कामं ऱ्हायलीत," मिस्त्री हळू आवाजात म्हणाले. हत्यारं झोपली होती ना. "ॲक्सिलेटरची केबल तोकडी पडतीया. इंजिन बंद करायची वायर जोडायचीया. आणि ब्रेक."

"ब्रेक आहेत की."

"हैत. पर ते जुन्या इंजिनाचे हैत. ते होतं चाळीस घोड्यांचं, ह्ये हाय दीडशेचं. वरच्या एकशे दहा घोड्यांनी कुणाच्या भरवशावर थांबायचं?"

"मग आत्ता कर."

"आज पान्याला हात लावत न्हाई. बानं लावला न्हाई, आज्जानं लावला न्हाई. दसरा झाला की परवा पैलं काम तुमचं."

"अरे, दसऱ्याचं सोनं समुद्राकाठी वाटणार, असं मी गावभर सांगून बसलोय!"

"मग गावभर जाऊन सांगा, चार दिसांनी वाटणार."

शेठना सगळं जमायचं, हे एक जमायचं नाही. गुळाचा भाव एकदा तोंडातून गेला की ते स्वतःशीसुद्धा बदलत नसत. ते गाडीत बसले आणि म्हणाले, "इलाही, पळायला इंजिन लागतं. थांबायला काय लागतं? मनात आलं की माणूस थांबतो."

"माणूस थांबतो," मिस्त्री म्हणाले. "गाडीच्या मनात यायला पायजे."

सुरू करायची वायर मात्र जोडलेली होती. शेठनी चावी फिरवली, ॲक्सिलेटरवर पाय दिला, आणि तोकडी केबल जी ओढली गेली ती ओढलेलीच राहिली. चिंचेचं झाड आणखी एक पाऊल मागे गेलं.

शेठचं घर तळ्याच्या पलीकडच्या अंगाला, गोल रस्त्याला लागून. दारात वत्सलाबाई उभ्या होत्या. नेसून तयार, हातात पिशवी. लाल गाडी धुक्यातून बाहेर आली तशी त्यांनी हात वर केला, जसा आपण एसटीला करतो. शेठनी ब्रेकवर पाय दाबला. गाडी जराशी विचारात पडली. मग निघून गेली.

जाता जाता शेठ ओरडले, "ट्रायल!"

गाडी तळ्याला वळसा घालून परत आली तेव्हा वत्सलाबाईंनी विचारलं, "किती वेळ?" उत्तर ऐकायला त्यांना एक फेरी थांबावं लागलं.

"आलोच!"

"दशम्या बांधल्यात!" त्या पुढच्या फेरीला म्हणाल्या.

"वा!" त्याच्या पुढच्या फेरीला शेठ म्हणाले.

अशी त्या नवराबायकोत बोलाचाली चालली होती. गेल्या सव्वीस वर्षांत एका सकाळी ते इतकं कधी बोलले नव्हते.

एव्हाना शेठना घाम फुटला होता. चावी उलटी फिरवून झाली, इंजिनावर काही परिणाम नाही. घाटाची वाट दर फेरीला समोरून यायची आणि शेठ दर फेरीला तिच्याकडे न बघता स्टिअरिंग उजवीकडे दाबायचे. त्या वाटेला एकदा गाडी लागली की समुद्र दिसला असता, पण वरून. सहाव्या फेरीला त्यांनी हँडब्रेक ओढला. तो मुळासकट हातात आला. आता तो ठेवायचा कुठं म्हणून शेठनी तो तसाच उंच धरला.

गॅरेजच्या दारात इलाही मिस्त्री हात पाठीमागे बांधून उभे होते. चुकून पान्याला लागू नयेत म्हणून. शेठ समोरून गेले की ते ओरडायचे, "परवा!"

हे सगळं तळ्याच्या मधल्या देवळातून सदू गुरव बघत होते. नवमी असल्यामुळे दर्शनाला गर्दी होती. गुरवांना काय दिसलं? लाल गाडी, त्यात नवा सदरा घातलेला माणूस, हातात लोखंडी दंड. देवी उजव्या हाताला ठेवून तो तळ्याभोवती फिरतोय, थांबत नाही, कुणाशी एका वाक्याच्या वर बोलत नाही.

गुरवांच्या अंगावर काटा आला. "अरे, बघता काय! त्रिंबकशेठ प्रदक्षिणा घालतायत. नवस फेडतायत!"

"किती घालणार?" कुणीतरी विचारलं.

"एकशे आठ," गुरव म्हणाले. या प्रश्नाला त्यांच्याकडे दुसरं उत्तर नसायचंच. त्यांनी परडीतली फुलं मोजायला घेतली.

अर्ध्या तासात सगळं गाव तळ्याकाठी जमलं. बायकांनी रस्त्यावर सडा घातला. भजनी मंडळ आलं, पण गाडी एवढ्या लवकर लवकर यायची की अभंगाचं एक चरणही पुरं होईना, मग त्यांनी नुसत्या टाळ्यांवर भागवलं. सरपंचांनी शाल आणि श्रीफळ मागवलं. गाडी काही थांबत नाही म्हटल्यावर त्यांनी शाल नेम धरून फेकली. ती शेठच्या तोंडावर बसली. अर्धी फेरी शेठनी शालीच्या आतून गाडी चालवली. लोक सांगतात, ती फेरी सगळ्यांत सरळ गेली. श्रीफळ मात्र सरपंचांनी विचार करून स्वतःकडेच ठेवलं.

आणि लोक हात जोडू लागले. ज्यांना शेठ गूळ तोलून द्यायचे आणि जे निघताना म्हणायचे, "शेठ, काटा हलतोय हां," ती माणसं हात जोडून उभी होती. कुणी तान्हं पोर उचलून दाखवत होतं. कुणी म्हणालं, "महाराज!"

शेठनी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. म्हणजे महाराज तेच.

खरं सांगायचं तर शेठना ते आवडलं. पोटातली भीती जरा खाली बसली आणि तिच्यावर काहीतरी गोड गोड पसरलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला, चेहरा शांत केला, आणि हँडब्रेक थोडा आणखी वर धरला.

चाळिसाव्या फेरीच्या पुढे एक वेगळंच व्हायला लागलं. शेठना वाटायला लागलं की आपण जागेवर आहोत आणि गावच आपल्याभोवती फिरतंय. एक बाई घागर बुडवायला वाकलेली दिसायची. पुढच्या खेपेला घागर कमरेवर. पुढच्या खेपेला बाई दारात, आणि मग नुसती ओली पावलं. एका ओट्यावर एक म्हातारा जांभई द्यायला लागला होता, ती जांभई तीन फेऱ्यांनी मिटली. एक कुत्रा गाडीमागे धावता धावता दमला, बसला, झोपला, उठला आणि परत धावायला लागला. धुकं हळूहळू वर गेलं. पाण्यात देवळाचा कळस उलटा उभा होता, आणि त्याच्यावरून एक लाल रेघ पुन्हा पुन्हा ओढली जात होती. ती आपण, हे शेठना उशिरा समजलं. गाव इतकं सुंदर आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते रोज गावातच असायचे ना.

आणि दर फेरीला, त्याच जागी, पिशवी घेतलेल्या वत्सलाबाई. त्या मात्र हलत नव्हत्या. तेवढी एकच गोष्ट प्रत्येक वेळी होती तशीच दिसायची.

नव्वदाव्या फुलाला गुरवांना पोथीतलं काहीतरी आठवलं. "नवस जोडीनं फेडायचा असतो! शेवटच्या फेरीला वहिनींना गाडीत बसवा, नाहीतर फळ नाही!"

"गाडी तर थांबत नाही," सरपंच म्हणाले.

"मग वहिनींनी उडी मारायची. देवी झेलेल."

गावाला पटलं. कुणी चौरंग आणला, कुणी त्याच्याभोवती रांगोळी काढली. बायकांनी वत्सलाबाईंना कुंकू लावलं, ओटी भरली आणि रस्त्याच्या कडेला चौरंगावर उभं केलं. वत्सलाबाईंनी पदर खोचला. सव्वीस वर्षांनी गाडी दारावरून जात होती. थांबत नसेल तर नसेल.

एकशे चौथ्या फेरीला शेठनी हे बघितलं, आणि त्यांच्या पोटातलं गोड गोड सगळं एकदम कडू झालं.

खरं बोलायला एक फेरी पुरली असती. शेठनी तीन घेतल्या. एकशे चार तर अशीच गेली, तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. काय सांगणार? की महाराज नाहीत, ब्रेक नाहीत? दोन्ही बाजूंना हात जोडलेली माणसं. उद्यापासून गूळ घ्यायला येतील ती हसत हसतच येतील.

एकशे पाचव्या फेरीला ते ओरडले, "या नवसाला बायको चालत नाही!"

"चालते!" पुढच्या फेरीला देवळातून गुरवांचं उत्तर आलं. "पोथीत आहे!"

वत्सलाबाईंनी चौरंगाच्या कडेवर पाय ठेवला. साडी वर धरली. त्यांच्या चेहऱ्यावर भीती अजिबात नव्हती, आणि शेठना त्याचीच जास्त भीती वाटली. या बाईचा आपल्यावर विश्वास आहे. पूर्ण. आपण म्हणालो होतो गाडीतून नेईन, म्हणून ती या गाडीत उडी मारणार आहे.

एकशे सातव्या फेरीला त्यांनी हातातला हँडब्रेक टाकून दिला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि जिवाच्या आकांताने ओरडले, "वत्सला, उडी मारू नकोस! मला थांबता येत नाही!"

"ऐकलंत?" गुरव गहिवरून म्हणाले. "भक्ती इतकी झालीय की थांबता येत नाही!"

गावाने जयजयकार केला. काही बायका रडल्या.

वत्सलाबाई चौरंगावरून खाली उतरल्या. हा माणूस सव्वीस वर्षं "थांब" म्हणाला होता, "थांबू जरा" म्हणाला होता, "थांबतेस का" म्हणाला होता. पण मला अमुक येत नाही, असं त्या तोंडातून त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्यांनी पिशवी गोफणीसारखी फिरवली.

"बाजूला व्हा! नवस नाही नि फिवस नाही! ब्रेक नाहीत त्यांना!"

"वहिनी, पोथीत—" सरपंचांनी सुरुवात केली. पिशवी त्यांच्या कानाजवळून गेली. सरपंच बाजूला झाले, मागोमाग गाव बाजूला झालं.

घरासमोरच, रस्त्याच्या त्या अंगाला, म्हशी पाण्यात उतरायचा रुंद उतार होता. तिथं सगळ्यांत जास्त गर्दी, कारण तिथून सगळ्यांत चांगलं दिसायचं. वत्सलाबाईंनी माणसं हाकलली, म्हशी हाकलल्या, एका म्हशीवर झोपलेला माणूसही म्हशीसकट हाकलला. मग त्या उताराच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि चौकातल्या पोलिसासारखा हात केला. पाण्याकडे.

एकशे आठावी फेरी. शेठनी तो हात बघितला. एक क्षण त्यांना नव्या इंजिनाची दया आली. दीड महिना. इतकं तरणंताठं. पाण्यात गेलं की संपलं. आणि सगळं गाव बघत असताना, म्हशींच्या वाटेने.

त्यांनी स्टिअरिंग फिरवलं.

गाडी उतारावरून सुटली आणि पाण्याच्या वरच, हवेत, थोडा वेळ राहिली. किती वेळ, यावर गावात दोन मतं आहेत. काही म्हणतात डोळ्याचं पातं लवेपर्यंत. काही म्हणतात तेवढ्यात एकाचा चहा पिऊन झाला. मग ती खाली टेकली, कुणी गादीवर पोर ठेवावं तशी. पाणी दोन्ही बाजूंना पंखांसारखं वर गेलं आणि परत आलं. इंजिनाने एक लांब उसासा टाकला. वाफेचा एक पांढरा ढग निघाला, देवळाच्या कळसाला वळसा घालून वर गेला आणि दिसेनासा झाला.

सगळं गप्प झालं. सकाळपासून पहिल्यांदाच.

शेठ कमरेपर्यंत पाण्यात बसले होते, हात अजून स्टिअरिंगवर. वत्सलाबाई पिशवी डोक्यावर घेऊन पाण्यातून चालत आल्या. डावीकडचं दार उघडेना, तेव्हा वरूनच पाय टाकून त्या सीटवर बसल्या. पिशवी मांडीवर घेतली. ती जराशी तरंगली.

 कमळाची पानं हळूहळू परत जवळ येत होती.

"इंजिन गेलं," शेठ म्हणाले.

"जाऊ दे."

"लोक हसतील."

"हसतायत," मागे बघून वत्सलाबाई म्हणाल्या. "आता त्या दशम्या खा, भिजायच्या आधी."

शेठनी एक खाल्ली. अर्धी भिजलीच होती. काठावरून इलाही मिस्त्री ओरडले, "शेठ! थांबली की!" आणि मग, कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून, "तरीपण परवा!"

दसरा झाल्यावर आठ म्हशींनी गाडी ओढून काढली. मिस्त्रींनी आधी काय केलं असेल? इंजिनाला हातसुद्धा लावला नाही. आधी चारी चाकांना मोठे ब्रेक बसवले. मग वायर जोडली, केबल लांब केली, आणि शेवटी इंजिन खोलून उन्हात वाळत घातलं, पापडासारखं. पंधरा दिवस वाळलं आणि सुरू झालं. मोटारी दुरुस्त करणारे इथं परत म्हणतील, असं होत नसतं. त्यांना ऐकू नका म्हणून सांगितलं होतं.

मग ते दोघं निघाले. समुद्र गाडीने दोन तासांवर. त्यांना चार दिवस लागले. कारण शेठना आता थांबता येत होतं. ते प्रत्येक वळणावर थांबले. प्रत्येक टपरीवर, प्रत्येक वडाखाली, एकदा तर भर रस्त्यात, एक सरडा पलीकडे जाईपर्यंत. दर वेळी ब्रेक दाबायचे, गाडी उभी राहायची, आणि ते वत्सलाबाईंकडे बघायचे. त्या मान डोलवायच्या.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ते वाळूवर पोचले. वत्सलाबाई खाली उतरल्या, पाण्याच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. लाट आली, गेली. परत आली, परत गेली. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

मग म्हणाल्या, "अहो, यालाही थांबता येत नाही वाटतं."

तात्पर्य: अंगात जोर वाढवायचा तर आधी थांबायची सोय करावी, आणि थांबता येत नसेल, तर लाज न धरता पहिल्याच फेरीला ओरडून सांगावं.

चला, काढा आता. एक प्लेट कांदाभजी आणि वर एक कटिंग. गोष्ट सांगितल्याचे नव्हे, ती वेळेवर थांबवल्याचे.